उणे पॉइंट सात

१

थांबा, थांबा, मध्ये कुणी बोलायचं नाही. मला ओळीने सांगू द्या, नाहीतर मी नेहमीसारखी शेवट आधीच सांगून टाकेन.

तर सोमवार. सकाळचे सव्वासात. ड्रायव्हिंग स्कूलचं मैदान. छपरावर शिकाऊची पाटी लावलेली पांढरी गाडी सिमेंटच्या खांबात तोंड खुपसून उभी. आत नर्सताई. खऱ्याच नर्स आहेत त्या, रात्रपाळी संपली की थेट गाडी शिकायला येतात. दुसऱ्यांची मोडलेली हाडं सांभाळणारी बाई स्वतःचं मनगट पोटाशी धरून बसलेली. गाडी सरळ चालली होती म्हणे. त्यांनी क्षणभर हात सोडले, आणि गाडी झपकन उजवीकडे गेली. कुणीतरी ओढल्यासारखी.

गाडी माझ्या मामाची. शिकवणारा मामाच, शेजारच्या सीटवर. त्याने ब्रेक दाबला म्हणून बरं, नाहीतर मनगटावर भागलं नसतं.

आणि जॉबकार्डावर सही कुणाची? माझी. शनिवारी त्या गाडीला नवं स्टिअरिंग कॉलम, म्हणजे स्टिअरिंगचा अख्खा दांडा, मीच बसवलं होतं. मोटरवालं. एकटीने, पहिल्यांदाच.

मी नऊ वाजता वर्कशॉपमध्ये पोचले, तर मला काम शिकवणारे उस्ताद दारातच उभे. हातात माझं परवाना कार्ड. स्टिअरिंग आणि ब्रेकला हात लावायचा तर ते कार्ड लागतं, दोन वर्षं घासून मिळवलंय मी ते. उस्ताद म्हणाले, "पोरी, हे मला वाहन खात्यात जमा करायला सांगितलंय. उद्या तपासनीस येतायत. चूक तुझी निघाली, तर हे परत मिळत नाही. कधीच नाही."

२

तुम्हाला हे मोटरचं प्रकरण समजायला हवं, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. एकच मिनिट.

पूर्वी स्टिअरिंगला तेलाचा जोर असायचा. आता छोटी मोटर असते. स्टिअरिंगच्या दांड्यात एक सेन्सर, तो पीळ मोजतो. तुम्ही उजवीकडे पिळलं की तो सांगतो, 'उजवीकडे, एवढं', आणि मोटर उजवीकडे जोर लावते. म्हणून दोन बोटांनी गाडी वळते. पण त्या सेन्सरला आधी एक गोष्ट शिकवावी लागते: कुणाचाच हात नसला की कसं वाटतं. त्याला आम्ही शून्य शिकवणं म्हणतो. स्टिअरिंग डावीकडे टोकापर्यंत फिरवायचं, मग उजवीकडे टोकापर्यंत, मग मध्ये आणायचं, हात काढायचे आणि स्कॅनरचं, म्हणजे गाडीच्या कम्प्युटरशी बोलणाऱ्या छोट्या यंत्राचं, बटण दाबायचं. हात काढायचे म्हणजे काढायचे. उस्तादांनी मला पहिल्या दिवशी दोन्ही हात मांडीखाली घालून बसायला लावलं होतं. "शून्याला स्पर्श चालत नाही," म्हणाले. तेव्हापासून मी तशीच बसते, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. शनिवारीही तशीच बसले होते.

मंगळवारी, म्हणजे आजच, सकाळी तपासनीस बाई आल्या. पन्नाशीच्या, गळ्यात दोरीला चष्मा, हातात पेपरमिंटची डबी. मला वाटलं होतं गाडीखाली शिरतील. छे! गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "तुझा स्कॅनर दे. शनिवारची नोंद बघू."

स्कॅनर मी रोज बॅगेतून घरी नेते. काढला, चालू केला.

यादी कोरी. शनिवारच नाही, अख्ख्या महिन्यातली एकही नोंद नाही. कुणीतरी सगळं पुसलं होतं.

बाईंनी चष्मा लावला. "बॅग कुणाजवळ असते?"

"माझ्याजवळ," मी म्हटलं. काय सांगणार दुसरं?

३

मग त्यांनी आपली वायर लावली आणि थेट गाडीच्या स्टिअरिंगच्या कम्प्युटरला विचारलं. तो बिचारा काही विसरत नाही. नव्या कॉलमला शून्य किती वेळा शिकवलं, हे तो मोजून ठेवतो.

मी शिकवलं एकदा. तिथे आकडा होता दोन.

मी उडालेच! "बघा! बघा! माझ्यानंतर कुणीतरी परत शिकवलंय!"

"किंवा तूच परत शिकवलंस," बाई पेपरमिंट चघळत म्हणाल्या. "शनिवारी गाडी इथून कुठे गेली?"

घरी. आमच्या बिल्डिंगखाली. मामा आमच्याकडेच राहतो ना. बाबा गेले तेव्हापासून आई, मी आणि मामा. म्हणजे गाडी खाली, स्कॅनर वर, आणि रविवारी मी घरीच, संध्याकाळी तर डोकं धुऊन झोपलेले, आई शेजारी गेलेली. माझी साक्ष द्यायला माझी उशी तेवढी.

"कम्प्युटर तारीख ठेवतो का हो?" मी विचारलं.

"नाही. फक्त शेवटचं शिकवलेलं ठेवतो. हे बघ." त्यांनी पडदा वळवला. शून्याच्या जागी उणे पॉइंट सात. "म्हणजे शिकवताना कुणाचा तरी हात स्टिअरिंगवर होता. जड हात नाही. जड असता तर कम्प्युटरने नाकारलं असतं. नुसता टेकलेला."

मग एकेकाला बोलावणं सुरू झालं.

४

पहिला चाकवाला. आमच्या शेजारी त्याचं व्हील अलाइनमेंटचं दुकान. माझ्यावर त्याचा जुना राग. "स्टिअरिंगची कामं पोरीबाळींना देतात आणि आम्ही हवा भरत बसतो," असं तो येता-जाता ऐकवतो. रविवारी सकाळी त्याने ही गाडी हाताळली होती, आणि हे त्याने सोमवारभर कुणाला सांगितलं नव्हतं!

"का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"कुणी विचारलंच नाही. शनिवारी संध्याकाळी मास्तरांचा, म्हणजे हिच्या मामांचा, एक शिकाऊ फुटपाथच्या कडेवर चढला. चाकं वाकडी झाली. मी सरळ करून दिली. पण स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागला होता. मास्तरांना म्हटलं, 'शून्य परत शिकवावं लागेल, माझ्या मशीनवर ही गाडी येत नाही, उस्तादांकडे न्या.' म्हणाले, 'नेतो.'"

"मशीनवर येत नाही, की तुम्ही करून बघितलंत?"

"अहो, या की बघायला! मशीन विकणाऱ्याने टोपी घातलीय मला."

बाईंनी खरंच जाऊन बघितलं. येत नव्हती. पण चाकवाला गप्प बसेल तर शपथ. परत येऊन गाडीवर हात आपटून म्हणाला, "साधं गणित आहे बाई. गाडी उजवीकडे ओढते. म्हणजे हात उजवीकडे टेकलेला. उजवीकडे कोण? ड्रायव्हरच्या बाजूचं दार. तिथे कोण बसतं शून्य शिकवायला? ही."

ऐकायला ते अगदी बरोबर वाटत होतं. मला स्वतःलाच वाटायला लागलं, मीच झोपेत जाऊन केलं की काय.

५

दुसरा नंबर नर्सताईंचा. प्लास्टर घालून आल्या, हसल्या माझ्याकडे बघून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गाडी सुरू करताना काही वेगळं जाणवलं?"

"मास्तर म्हणाले होते, 'आज जरा डावीकडे दाबून धरा, सवय होईल.' मला वाटलं, हाही धडाच असेल. मग मला शिंक आली हो. हात सुटले."

बाईंनी लिहून घेतलं. मी ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही. आपल्या माणसाबद्दलचं असं वाक्य कानातच अडकतं, आत जात नाही.

तिसरा नंबर मामाचा. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बाईंना म्हणाला, "पोर हुशार आहे हो. पण लहान आहे. घाई झाली असेल शनिवारी. मीच गाडी लवकर मागितली होती, चूक माझीही आहे. सांभाळून घ्या तिला."

आणि मी, मूर्ख, रडले. आनंदाने! बघा, मामा माझी बाजू घेतोय! तुम्ही सांगा, तेव्हा तुम्ही असतात तर तुम्हाला कळलं असतं? गोड बोलून माझी चूक पक्की करत होता तो.

"पिवळ्या दिव्याचं काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"आपोआप गेला. मला काय कळतंय त्यातलं? मी आपला मास्तर."

बाईंनी डबीचं झाकण लावलं. "आपोआप," म्हणाल्या, आणि उस्तादांकडे वळल्या.

६

उस्ताद तोवर एका कोपऱ्यात धुमसत होते. चाकवाल्याचं गणित त्यांच्या घशात अडकलं होतं. एकदम म्हणाले, "अरे बैला, तराजू बघितलायस का कधी? एका पारड्यावर बोट ठेवून काटा मध्ये धर. हेच शून्य, असं त्याला सांग. आता बोट काढ. काटा कुठे जाईल? बोटाच्या बाजूला?"

चाकवाला विचारात पडला. "उलटीकडे."

"मग! हात डावीकडे टेकलेला असताना शून्य शिकवलं की कम्प्युटरला वाटतं, हीच मोकळी स्थिती. हात काढला की त्याला वाटतं, कुणीतरी उजवीकडे पिळतंय. मोटर उजवीकडे धावते. गाडी उजवीकडे ओढते, म्हणजे हात डावीकडे होता. आणि या कम्प्युटरमध्ये उणे म्हणजे डावीकडेच."

बाई हसल्या. पहिल्यांदाच. त्यांना आधीपासून माहीत होतं, मी पैज लावते.

"आता प्रत्येकाने मला शून्य शिकवून दाखवायचं," म्हणाल्या. उस्तादांची स्वतःची गाडी मध्ये घेतली. उस्ताद दाराबाहेर उभे, हात पाठीमागे. चाकवाल्याने खिडकीतून वाकून बटण दाबलं, दुसरा हात छपरावर. मी मांडीखाली हात घालून. तिघांचंही शून्य स्वच्छ.

"मास्तर, तुम्ही?"

"मला येत नाही म्हटलं ना."

"बरं. मग नुसते बसा. तुमच्या नेहमीच्या जागेवर. ही ड्रायव्हर, तुम्ही शिकवणारे. क्लच कसा सोडायचा ते मला सांगा, मला कधी नीट जमला नाही."

मामाला शिकवायला सांगितलं की तो खुलतो. डाव्या सीटवर बसला, सुरू झाला, "हे बघा बाई, क्लच म्हणजे झोपलेलं बाळ, पाय हळूच काढायचा..." मी हात मांडीखाली घातले, बाईंनी खिडकीबाहेरून बटण दाबलं.

पडद्यावर आलं, उणे पॉइंट सात.

मी खाली बघितलं. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, खालच्या अंगाला, मामाची दोन बोटं. त्याला पत्ताच नव्हता! तेवीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून ती बोटं तिथे जातातच, डोळ्यावर झोप यावी तशी. मला गाडी त्याच दोन बोटांनी शिकवली त्याने. मी सोळाची असताना एकदा ट्रक समोर आला, तर त्या बोटांनीच मला बाजूला काढलं होतं.

७

मामाने बोटं काढून घेतली. हळूहळू, कुणाच्या लक्षात येऊ नये अशी.

आणि मग काय म्हणाला माहितीय? माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "बरं, सांगतो. मला पोरीला वाचवायचं होतं म्हणून गप्प होतो. रविवारी संध्याकाळी आमच्या बिल्डिंगखाली तिनेच शिकवलं परत. ती ड्रायव्हरच्या सीटवर होती, बटण तिनेच दाबलं. मी नुसता शेजारी बसलो होतो. माझी बोटं असतील तिथे. पण बघायचं काम तिचं नाही का?"

अगं, मला ऐकूच येईना पुढचं! कानात नुसता पंख्याचा आवाज. चाकवाल्याने, चाकवाल्याने!, मला पाण्याची बाटली दिली.

बाई म्हणाल्या, "हे शक्य आहे. आकडा फक्त एवढंच सांगतो, की मास्तर डावीकडे बसले होते. बटण कुणी दाबलं, हे नाही सांगत." मग माझ्याकडे वळल्या. "तुला काही म्हणायचंय?"

काय म्हणणार? माझा शब्द आणि त्याचा शब्द. मी पाचवीत असल्यापासून घरात त्याचाच शब्द शेवटचा. माझं कार्ड उस्तादांच्या शर्टच्या खिशातून डोकावत होतं.

आणि तेव्हा मला टोकं आठवली!

८

तुम्हाला सांगितलं ना, बटणाआधी स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवायचं? कम्प्युटर ती टोकं पण लिहून ठेवतो. तुम्ही जिथे थांबलात, तेच टोक, असं मानतो. आंधळा विश्वास!

मी ओरडलेच, "टोकं बघा! दोन्हीकडची टोकं!"

उस्तादांच्या लक्षात आलं. त्यांनी कपाळावर हात मारला. बाईंनी वायर पुन्हा पांढऱ्या गाडीला लावली, दोन बटणं दाबली. डावं टोक, पूर्ण दीड फेरा. उजवं टोक, एक फेरा. फक्त एक. अर्धा फेरा कमी.

"ड्रायव्हरच्या सीटवरचा माणूस दोन्हीकडे दीड-दीड फिरवतो," मी म्हटलं. "दोन हात असतात त्याला, समोरच असतं सगळं. पण डाव्या सीटवरून एका हाताने फिरवून बघा. डावीकडे ओढायला जमतं, चाक आपल्याकडे येतं. उजवीकडे ढकलायला जा, उभ्या गाडीत शेवटचा अर्धा फेरा जड लागतो, आणि हात पुरतच नाही. मी जर ड्रायव्हरच्या सीटवर होते, तर मी स्टिअरिंग शेजारच्या माणसाला का फिरवायला देईन? त्या सीटवर कुणी नव्हतंच. तो एकटा होता. डावीकडे बसला, कारण तो कायम तिथेच बसतो. स्कॅनर माझ्या बॅगेतून घेतला. आणि बटण कुठलं, हे त्याला माहीत होतं, कारण..."

ते मीच शिकवलं होतं त्याला. कार्ड मिळालं त्या आठवड्यात, फुशारकी मारत, घरच्या टेबलावर स्कॅनर ठेवून. "बघ मामा, इथे दाबलं की शून्य." तो म्हणाला होता, "वा गं माझी इंजिनियर."

बाई स्वतः पांढऱ्या गाडीत डावीकडे बसल्या. चष्मा दोरीवर सोडला. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, पूर्ण गेलं. उजवीकडे ढकलायला लागल्या. एक फेरा झाला आणि हात थांबला. पुन्हा जोर लावला. नाही.

उतरल्या आणि मामाला एवढंच विचारलं, "तिला का नाही सांगितलंत? घरातच तर होती."

मामा म्हणाला, "सांगितलं असतं तर तिने गाडी सोडलीच नसती. आणखी दोन दिवस तपासत बसली असती. माझ्या नऊ जणांची बुधवारी परीक्षा आहे."

"आणि अपघातानंतर?"

"ती बाविसची आहे. तिला दुसरं काहीतरी मिळेल. मी बावन्नचा आहे. मला कोण शिकवणार नवं?"

हे तो माझ्यासमोर म्हणाला. हिशोब करून ठेवला होता त्याने! स्कॅनर पुसताना, आज सकाळी माझ्याशेजारी बसून दात घासताना, "काळजी करू नको गं" म्हणताना. आणि हो, मामाने मामा बनवलं, हा जोक माझा मीच मघापासून चार वेळा मारून झालाय, तुम्ही मारू नका.

९

शेवटी कागद. बाईंनी माझा जबाब लिहिला, मला वाचायला दिला. खाली एक रकाना, 'वाहनमालकाशी नाते'. मी पेन धरून बसले.

समोरच्या खुर्चीतून मामा हळूच म्हणाला, "मामा लिही गं."

काय सांगू तुम्हाला, विरघळले मी. एवढं सगळं होऊनही. वाटलं, त्याला भीती वाटतेय मी नातं तोडेन म्हणून. माझे डोळे भरले, पेन खाली टेकलंसुद्धा.

बाई कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या, "मघाशी बाहेर त्यांनी मला विचारलं, जवळच्या नातेवाइकाची साक्ष धरतात का. मी सांगितलं, आमच्या खात्याच्या चौकशीत नाही धरत."

मी मामाकडे बघितलं. तो चपलेचा पट्टा नीट करत होता.

"मग काय लिहू?" मी विचारलं.

"खरं आहे तेच लिही. तुझी साक्ष बाद झाली तर होऊ दे. मला टोकं पुरतात. आकड्यांना मामा नसतो."

मी लिहिलं. मामा. सही केली. उस्तादांनी खिशातून कार्ड काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि शटरपाशी जाऊन उभे राहिले. मामाचा शिकवायचा परवाना बाईंनी पाकिटात घातला. नर्सताईंना त्या स्वतः फोन करणार आहेत.

आणि मग कळस ऐका. मामा उठला, दारापाशी गेला आणि थांबला. रोज थांबतो तसा. म्हणाला, "चल, आई जेवायला खोळंबली असेल."

मी म्हटलं, "तू हो पुढे."

गेला. तो आता आमच्या टेबलावर बसून जेवत असेल, आईला त्याच्या बाजूने सगळं सांगत असेल, आणि आई त्याची बहीण आहे ना. मी कार्ड घेऊन सरळ तुमच्याकडे आले. म्हणून आता खरं विचारते, हसण्यावारी नेऊ नका. तुमच्यापैकी कुणाच्या घरी काही दिवस राहायला जागा आहे का?